विसावा, चार वाजून अकरा मिनिटं

माणसाची पापणी मिनिटाला पंधरा-वीस वेळा लवते. हे मला कुणा डॉक्टरने सांगितलेलं नाही, एकतीस वर्षं पासपोर्टचे फोटो काढून कळलंय. स्टुडिओतल्या खुर्चीवर बसलेला माणूस आधी खांदे ताठ करतो, मग हनुवटी वर करतो, मग श्वास धरतो, आणि मी बटण दाबलं रे दाबलं की नेमके डोळे मिटतो. मिटलेल्या डोळ्यांचे असे हजारो चेहरे मी पुसून टाकलेत. त्यामुळे झोपलेला माणूस आणि पापणी लवलेला माणूस यांतला फरक मला कुणी शिकवू नये. पुढे पाच जणांच्या समितीने तो मला शिकवलाच, ती गोष्ट वेगळी.

स्टुडिओतले सगळे चेहरे एकाच साच्यातले. नाकावर माशी बसली तरी हलायचं नाही असं ठरवून आलेले. आठवड्याचे सहा दिवस असले चेहरे काढून मी विटून जायचो. सोमवारी स्टुडिओ बंद. त्या दिवशी मी जिवंत चेहरे चोरायला बाहेर पडायचो. चोरायला हा शब्द माझ्या बायकोचा.

चोरी म्हणा, पण तिलाही माझी एक पद्धत होती. कॅमेरा गळ्यात लांब पट्ट्याने, पार पोटावर सोडलेला. मागचा पडदा बंद, आवाज बंद, फोकसचं अंतर आधीच बांधून ठेवलेलं. बटण दाबायच्या वेळी दुसऱ्या हाताने चष्मा काढून तो सदऱ्याला पुसायला लागायचं. चष्मा पुसणाऱ्या म्हाताऱ्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. पूर्वीच्या कॅमेऱ्याला आवाज होता तेव्हा तो लपवायला मी खोकायचो. कॅमेरा बदलला, खोकला राहिला. माझी नात नऊ वर्षांची आहे, तिला काहीच लपत नाही. "आजोबा, खोकलात म्हणजे फोटो काढलात ना?" असं ती चारचौघांत विचारायची.

आणि नियमही होते. रडणाऱ्याचा फोटो नाही, घास तोंडात असलेल्याचा नाही, ज्याला पाहून लोक हसतील त्याचा नाही. ज्याचा काढला त्याला नंतर गाठून दाखवायचा, नको म्हणाला तर त्याच्यासमोर पुसायचा. हो म्हणाला तर प्रतीच्या मागे "हरकत नाही" असं लिहून सही घ्यायची. आणि सगळ्यांत महत्त्वाचा नियम, ज्याचा मला फार अभिमान होता: एका माणसाचा एकच फोटो ठेवायचा. चार काढले, पाच काढले, तरी संध्याकाळी बसून त्यांतला एक निवडायचा आणि बाकीचे त्याच दिवशी पुसून टाकायचे. लोकांच्या नकळत त्यांचं आयुष्य आपल्या कपाटात साठवायचा आपल्याला काय अधिकार? एक क्षण घेतला, पुरे झाला. हे मी बायकोला मोठ्या ऐटीत सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तुमचं म्हणजे चोरी करायची, पण चपला दाराबाहेर काढून."

नात सोमवारी दुपारी नगरपालिकेच्या तलावावर पोहायला शिकायची. तिला न्यायचं-आणायचं काम माझं. तिथले जीवरक्षक पन्नाशीचे, रापलेले, कमी बोलणारे. मुलं त्यांना शिट्टीकाका म्हणायची, मग आम्ही आजी-आजोबा मंडळीही तेच म्हणायला लागलो. उंच खुर्चीवर बसायचे आणि टेबलफॅनसारखी त्यांची मान या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत राहायची. मध्येच शिडीपाशी कुणी धावलं की "हळू!" एवढा एकच शब्द. डोळ्यांत तेल घालून बसणं म्हणजे काय ते मी त्या खुर्चीत पाहिलं. तलावावर कॅमेरा काढायचा नाही हे मलाही कळतं. पोहणाऱ्यांकडे मी कधी तो वळवला नाही. पण त्या खुर्चीवरच्या चेहऱ्याने मला छळलं होतं. सतत जागा असलेला चेहरा कसा थकतो, ते मला हवं होतं.

एका सोमवारी कठड्याशी बसून मी तो घेतला. चष्मा पुसला, खोकलो, बोट दाबून धरलं. पाच फोटो निघाले. नातीचे केस पुसून सव्वाचारला आम्ही तिथून निघालो.

संध्याकाळी पाहिले. चारांत डोळे उघडे होते, नजर पाण्यावर, चेहरा कामावरचा. पाचव्यात पापणी लवलेली. पाण्यावरचं ऊन उसळून तोंडावर आलं होतं, कपाळावरच्या आठ्या सैल पडल्या होत्या, आणि त्या एका झटक्यापुरता तो माणूस सगळ्या जबाबदारीतून सुटल्यासारखा दिसत होता. स्टुडिओत मी तो फोटो पहिल्या झटक्यात उडवला असता. इथे मी तोच ठेवला. उरलेले चार पुसताना मला, खरं सांगतो, छान वाटलं.

त्याच दुपारी चार पंचवीसला तलावात एक निवृत्त मास्तर बुडाले. शिट्टीकाकांनीच त्यांना बाहेर काढलं, छाती दाबली, तोंडाने श्वास दिला. दवाखान्यात पोचायच्या आत ते गेले. हृदय बंद पडलं असं डॉक्टरांनी लिहिलं, नगरपालिकेने चौकशी केली आणि कुणाचा दोष नाही म्हणून कागद बंद केला. आम्हाला हे दुसऱ्या दिवशी कळलं. नातीला आठवडाभर पाण्यात जायची भीती वाटत होती. मी मात्र दोन गोष्टी कधी जोडल्या नाहीत. अपघात माझ्या डोक्यात "तो वाईट दिवस" म्हणून राहिला, आणि फोटो कॅमेऱ्यात तारीख म्हणून. ज्याचा धंदाच फोटोवर तारीख टाकायचा, त्या माणसाने केलेला हा घोळ आहे.

महिन्याभराने मी शिट्टीकाकांना प्रत नेऊन दिली. मास्तर गेल्यापासून त्यांचं कशात लक्ष नव्हतं. फोटो त्यांनी उजेडात धरून पाहिला.

"हा मी?" म्हणाले.

"तुम्हीच. आवडला नसेल तर पुसतो."

"नको, नको. असा मी मला कधी दिसलो नाही." मग थोडं लाजून, "हिला दाखवतो. ही म्हणते, तुमच्या कपाळावर कायम शिट्टी वाजत असते."

माझ्याकडच्या दुसऱ्या प्रतीच्या मागे "हरकत नाही" लिहून त्यांनी सही केली. आठवड्याने त्यांची बायको स्टुडिओत येऊन चौकट करून घेऊन गेली. फोटो त्यांच्या बाहेरच्या खोलीत लागला.

आमचं हौशी फोटोवाल्यांचं एक मंडळ आहे. नऊ सभासद, त्यांतले सहा एकमेकांशी बोलत नाहीत. वर्षातून एकदा वाचनालयाच्या दालनात आम्ही फोटो मांडतो. प्रत्येक फोटोखाली एक पुठ्ठा: शीर्षक, तारीख, वेळ. शीर्षकाची जागा मी कोरी ठेवली होती. सचिवबाई म्हणाल्या, कोरी चालणार नाही. मी लिहिलं, "विसावा". तारीख आणि वेळ कॅमेऱ्यातून पाहून जशीच्या तशी उतरवली. चार वाजून अकरा मिनिटं. अकराच्या जागी मी "दुपार" असं लिहिलं असतं तरी कुणी विचारलं नसतं. पण मी धंद्यात चोख, मला मिनिटं लिहायची खोड.

तिसऱ्या दिवशी दुपारी दालनात चाळिशीची एक बाई आली. इतर फोटोंवरून नजर फिरवत ती माझ्या फोटोपाशी आली आणि थांबली. पुढे वाकली. आणखी वाकली. तिचं नाक काचेला लागायचं बाकी राहिलं. माझ्या फोटोसमोर इतका वेळ आजवर कुणी उभं राहिलं नव्हतं. मी हुरळून गेलो. आणि मग मी काय केलं ते सांगायची मला लाज वाटते, पण सांगतो. मी चष्मा काढला, पुसायला लागलो आणि खोकलो.

ती वळली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"हा कोणी काढलाय?"

"मी."

"इथे कोपऱ्यात पांढरी टोपी दिसतेय, पाण्यात. ती माझ्या वडिलांची आहे. लाल पट्टीची दुसऱ्या कुणाकडे नव्हती, मीच आणून दिली होती." तिने खालचा पुठ्ठा दाखवला. "त्याच दिवसाचा आहे. चार अकरा. म्हणजे अजून होते ते. मला याची एक प्रत द्याल?"

 मी त्या कोपऱ्याकडे कधी पाहिलंच नव्हतं. निळ्या धूसर पाण्यात तांदळाएवढा एक पांढरा ठिपका, त्यावर लाल रेघ. मी "हो, हो, देतो ना" असं काहीतरी पुटपुटलो. ती पुन्हा फोटोकडे वळली. या वेळी तिची नजर कोपऱ्यातून वर सरकली, खुर्चीच्या पायांवरून, हातांवरून, चेहऱ्यापर्यंत. नंतर पुन्हा खाली, शीर्षकापर्यंत.

"हा माणूस झोपलाय," ती म्हणाली.

"नाही हो, पापणी लवलीय नुसती."

"विसावा लिहिलंय तुम्ही."

तिने मोबाइल काढला, फोटोचा फोटो घेतला, पुठ्ठ्याचाही घेतला. लपूनछपून नाही, समोर उभं राहून, नीट धरून. मला तिचा राग आला नाही, आजही येत नाही. चार महिने ती बाई कुणाचाच दोष नाही असं स्वतःला समजावत होती, आणि मी तिच्या हातात एक दोष आणून ठेवला होता.

फोटो मी त्याच संध्याकाळी उतरवला. तोवर तो अर्ध्या गावाच्या मोबाइलवर पोचला होता, "झोपलेला जीवरक्षक" म्हणून. बंद झालेला कागद उघडला, समिती बसली आणि शिट्टीकाकांना तलावावर पाय ठेवायची बंदी झाली.

मी हातपाय हलवले नाहीत असं नाही. कॅमेऱ्यातलं कार्ड घेऊन मी संगणक दुरुस्त करणाऱ्या मुलीकडे गेलो. पुसलेलं परत काढण्यात ती हुशार आहे असं ऐकलं होतं. तिने दोन दिवस घेतले.

"काका, चार महिन्यांत तुम्ही यावर इतकं भरलंय आणि इतकं पुसलंय, की खालचं काहीच शिल्लक नाही. हे एक अर्धवट निघालं, बघा."

पडद्यावर उघडलं. वरून तलावामागच्या खोल्यांचं छप्पर, मग खुर्चीवरची छत्री, मग शिट्टीकाकांचे केस, मग कपाळ. भुवया. आणि भुवयांच्या खाली सरळ करडा पट्टा, शेवटपर्यंत.

"याच्या खाली?"

"खाली काही नाही."

मी तिला तीन वेळा तेच विचारलं आणि तिने तीन वेळा तेच उत्तर दिलं. चांगली मुलगी, वैतागली नाही.

नात ऐकून होती. "मी सांगते ना आजोबा, काका जागे होते. मला हळू म्हणाले." पण तिची आई, म्हणजे माझी मुलगी, मध्ये आडवी उभी राहिली. "बाबा, नऊ वर्षांच्या मुलीला चौकशीत बसवणार? आधीच तेव्हा तिने पाण्याची धास्ती घेतली होती. तुमचा घोळ आहे, तुम्ही निस्तरा." तिचंही बरोबर होतं.

नगरपालिकेच्या वरच्या मजल्यावर लांब टेबल, त्यावर हिरवं कापड, पलीकडे पाच माणसं. अध्यक्षबाई अभियंता होत्या, बोलायला मऊ. भिंतीशी एका बाकावर शिट्टीकाका आणि दुसऱ्या बाकावर मास्तरांची मुलगी. शिट्टीकाकांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. मी त्यांना कधी सदऱ्यात पाहिलं नव्हतं. दुसऱ्याच कुणासारखे दिसत होते.

मी तयारी करून गेलो होतो. म्हणालो, "बाई, माझं आयुष्य यात गेलंय. पातं लवायला लागतो तेवढाही वेळ कॅमेऱ्याला लागत नाही. या फोटोत पातं लवलंय, डोळा लागलेला नाही."

"एका फोटोवरून तुम्हाला हे कसं कळतं?"

"पाच काढले होते. बाकीच्या चारांत डोळे उघडे होते."

"ते कुठे आहेत?"

"पुसले."

"कधी?"

"त्याच संध्याकाळी."

पाचही जण माझ्याकडे पाहायला लागले. मी माझा नियम समजावून सांगायला गेलो. लोकांच्या आयुष्यातलं कमीत कमी घ्यावं, वगैरे. घरी ऐटीत सांगितलेलं ते वाक्य त्या टेबलासमोर इतकं पोकळ वाजलं की मी मध्येच थांबलो.

"म्हणजे," कडेचे एक साहेब म्हणाले, "चार जागेपणीचे आणि एक झोपेतला, यातून तुम्ही नेमका झोपेतला ठेवलात?"

"झोपेतला नाही साहेब. मिटलेल्या डोळ्यांचा."

"का?"

"चांगला दिसत होता."

अध्यक्षबाईंनी कागदावरून वर पाहिलं. "फोटो काढताना तुम्ही त्यांच्याकडे बघत होता ना? स्वतःच्या डोळ्यांनी?"

 खोटं बोलता आलं असतं. सरळ "हो" म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. पण एकतीस वर्षं चोख राहिलेल्या माणसाला ऐनवेळी खोटं सुचत नाही, ते लोकांना वाटतं तितकं सोपं नसतं.

"नाही," मी म्हणालो. "मी चष्मा पुसत होतो."

"चष्मा?"

"लोकांना कळू नये म्हणून. ती माझी पद्धत आहे."

"चष्मा हातात. म्हणजे डोळ्यांवर नव्हता. नंबर किती आहे तुमचा?"

"उणे साडेचार."

कुणीतरी हसलं. कडेच्या साहेबांनी विचारलं की तलावावर लपून फोटो काढणाऱ्या माणसाच्या शब्दावर आम्ही का विश्वास ठेवायचा. मी म्हणालो, मी पोहणाऱ्यांचे काढत नाही. ते म्हणाले, यात तर एक पोहणारा आहे. मी म्हणालो, फोटो चार अकराचा, मास्तर बुडाले चार पंचवीसला; ते म्हणाले, अकराला झोपलेला माणूस पंचवीसला जागा होता कशावरून. मास्तरांची मुलगी मान खाली घालून बसली होती. शिट्टीकाका माझ्याकडे पाहत होते, बुडणाऱ्याकडे पाहावं तसे. त्यांना मला बाहेर काढायचं होतं आणि बाकावरून उठायची परवानगी नव्हती.

शेवटी अध्यक्षबाईंनी माझ्याकडून घेतलेली फोटोची प्रत माझ्यापुढे सरकवली. "एवढंच सांगा. हा माणूस क्षणभरही कामातून बाहेर नव्हता असं तुमचं म्हणणं आहे. मग तुम्ही याला विसावा हे नाव का दिलंत?"

"कारण तो तसा दिसत होता."

"आम्हीही तेच म्हणतोय," त्या म्हणाल्या, आणि खरंच वाईट वाटल्यासारख्या म्हणाल्या.

मग त्यांनी प्रत उलटी केली. मागे "हरकत नाही" आणि सही. शिट्टीकाकांना विचारलं, सही तुमची? हो म्हणाले. फोटो तुमच्या घरात लावलेला आहे हे खरं? हो म्हणाले. आणखी काही सांगायचंय? त्यांनी जरा विचार केला. "मी मास्तरांना वर काढलं तेव्हा त्यांचं अंग अजून गरम होतं," म्हणाले आणि खाली बसले.

निकाल तीन आठवड्यांनी लागला. नोकरी गेली, आणि जीवरक्षकाचं प्रमाणपत्र कायमचं रद्द. म्हणजे इथेच नाही, कुठल्याच पाण्यापाशी त्यांना आता शिट्टी गळ्यात घालता येणार नाही. मी दोन अर्ज केले, एकदा वरच्या कार्यालयात जाऊन दिवसभर बसलो. तिथल्या कारकुनाने काखा वर केल्या. मास्तरांच्या मुलीला पत्र लिहिलं, त्याचं उत्तर आलं नाही. मला तिच्याकडून काय हवं होतं, हे मलाही सांगता येणार नाही. बायको आता चोरी म्हणत नाही, काहीच म्हणत नाही. सोमवारी मी घरी बसून असतो.

शिट्टीकाकांकडे जायचं धाडस मला दोन महिने झालं नाही. गेलो ती दुपार होती. दुसरा मजला, दोन खोल्या, बाहेरच्या खोलीत शिवणयंत्र. त्यांची बायको कुणाच्या तरी गणवेशाला बाह्या लावत होती. तिने मला बसायला सांगितलं, पाणी आणून दिलं, आणि यंत्राशी परत जाताना पडलेल्या आवाजात म्हणाली, "काढू देत नाहीत. मी दोनदा काढला, दोनदा परत लावला त्यांनी."

फोटो समोरच्याच भिंतीवर होता. शिट्टीकाका त्याच्याकडे तोंड करून बसले होते. वजन उतरलं होतं, दाढी वाढली होती, मान मात्र अजून मधूनमधून या टोकाकडून त्या टोकाकडे जायची आणि भिंत लागली की थांबायची.

"माझं चुकलं," मी म्हणालो. "एवढंच सांगायला आलोय. दुसरं माझ्याकडे काही नाही."

"तुमचं कसं चुकलं? सही मीच केली ना."  शिवणयंत्र चालत होतं. ते पुन्हा बोलले तेव्हा यंत्र थांबलं.

"एक विचारू का, फोटोवाले? खरं सांगायचं."

"विचारा."

"मी झोपलो होतो का?"

"काहीतरीच काय!"

"नाही, ऐका. त्या दुपारी ऊन होतं ते मला आठवतं. तुमच्या नातीला हळू म्हणालो तेही आठवतं, पण ते त्या दिवशी की आदल्या सोमवारी, कोण जाणे. चोवीस वर्षं रोज तेच पाणी आणि तेच ऊन. पहिले काही दिवस मी छातीठोक सांगायचो, जागा होतो म्हणून. आता रोज हा बघतो आणि वाटतं, हा माणूस झोपलाय. मास्तरांची मुलगी तेच म्हणते, पाच शिकलेली माणसं तेच म्हणतात. मी एकटा नाही म्हणतो, आणि मी काही मला बघितलेलं नाही. ते बाकीचे चार फोटो तुम्हीच पाहिलेत. जगात तुम्ही एकट्यानेच. डोळे उघडे होते ना माझे? आठवतात का तुम्हाला?"

हो म्हणायला मी तोंड उघडलं. आणि त्याच वेळी, सवयीने, ते चार फोटो डोळ्यांसमोर आणायला गेलो. छप्पर आलं, छत्री आली, केस आले, कपाळ आलं. त्याच्या खाली जे आलं ते समोरच्या भिंतीवरचंच. मिटलेल्या डोळ्यांचं, ऊन पडलेलं, शांत. मी जोर लावून पाहिलं. उघडे डोळे आले तेही कुणा पासपोर्टवाल्याचे, बटाट्यासारखे वटारलेले. त्यांचे आलेच नाहीत. ते डोळे उघडे होते हे मला माहीत होतं. पण मला आठवत नव्हतं.

"आठवतात ना," मी म्हणालो. "टक्क उघडे होते. तुम्ही जागे होतात."

पण मी थांबलो होतो. फार नाही, क्षणभरच, दुसऱ्या कुणाच्या लक्षातही आलं नसतं. चोवीस वर्षं पाण्यावर नजर ठेवलेल्या माणसाच्या लक्षात आलं. माझं वाक्य पूर्ण व्हायच्या आधीच त्यांनी मान हलवली होती, समजल्यासारखी. त्यांच्या बायकोने यंत्रावरून डोळे उचलून माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे, आणि बाही पुन्हा सुईखाली सरकवली.

"म्हणजे झोपलोच होतो मी," शिट्टीकाका तिला म्हणाले. "मास्तर माझ्यामुळेच गेले."